जुलैचा रकाना

प्रश्न : मी रत्नागिरीत प्राणिशास्त्रात पीएचडी करते. विषय भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या (खायचे शिंपले). माझ्याच गाईडकडचा दुसरा विद्यार्थी त्याच खाडीच्या पाण्यावर काम करतो, म्हणून दर महिन्याचे नमुने आम्ही एकत्रच घ्यायचो. तिसऱ्या मी गोळा करायच्या, क्षारता (पाण्यातलं मीठ, हजार भागांत किती) त्याने मोजायची. जुलैत पावसाने असं झोडपलं की होडीवाल्या काकांनी साफ नकार दिला आणि तो महिना चुकला. आता आमच्या एकत्र पेपरच्या मसुद्यात जुलैची क्षारता चक्क 20 दिसली. विचारलं तर म्हणाला, "अगं, जून 31, ऑगस्ट 9, मधली सरासरी टाकली. त्यात काय एवढं!" (जूनचा नमुना मिरग लागायच्या आधीचा आहे.) सर म्हणतात, प्लॅजिअरिझम रिपोर्ट (मजकूर कुठून उतरवलाय का, ते सांगणारा) 7 टक्के आलाय, पाठवून द्या. मी बोलले तर दोघांनाही नकोशी होईन. शिवाय त्याचे आकडे मला थिसिसमध्येही लागणार आहेत. आणि पेपरवर नावं कुठल्या क्रमाने घालायची?
— एक संशोधक, रत्नागिरी

उत्तर : बोल. पण आधी त्याच्याशी, समोरासमोर, तुझी फील्डची वही घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर नको. तिथे "ओके" आणि अंगठा येतो आणि तक्ता तसाच राहतो.

त्याला चोर ठरवून सुरुवात करू नकोस. "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना आपण काय केलंय हे खरंच कळलेलं नसतं. त्याला खाडीच दाखव. मिरगाच्या आधी भाट्याला समुद्राचं पाणी आत असतं, म्हणून 31. पाऊस लागला की काजळी नदी भरून येते आणि सगळी खाडी गोडी होते. ऑगस्टमध्ये 9 असेल, तर ज्या जुलैत होडी सुटली नाही त्या महिन्यात पाणी बहुधा त्याहूनही गोडं होतं. म्हणजे जिथे आलेख तळाला जायचा, तिथे त्याने तो अर्ध्यावर अडकवून ठेवला. पाणी गोडं झालं की तिसऱ्या शिंपले मिटून बसतात, खाणं थांबतं, मांस आटतं, आणि फार दिवस तसंच राहिलं तर मरतात. आता तुझ्या ऑगस्टच्या तिसऱ्या हडकलेल्या निघाल्या, की पेपर वाचणारा म्हणेल, 20 क्षारतेलाच यांची ही दशा! हा निष्कर्ष तुझ्या नावावर छापला जाईल, आणि उद्या कुणी शेतीच्या तिसऱ्यांसाठी जागा निवडताना तो खरा धरून चालेल.

रकाना रिकामा ठेवायला लाज कसली? तक्त्यात आडवी रेघ, खाली तळटीप : "अतिवृष्टीमुळे नमुना घेता आला नाही." आलेखाची रेषा जूनला तोडायची, ऑगस्टला पुन्हा सुरू करायची. गणितासाठी मधला आकडा लागतच असेल तर अंदाज करायलाही हरकत नाही, पण तो अंदाज आहे आणि कसा काढला हे पद्धतीच्या भागात लिहायचं. मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत तो गुपचूप बसवायचा नाही. मी बाहेरची परीक्षक म्हणून जायचे तेव्हा आधी वही मागायचे. चिखलाचे डाग पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली वही असली की पुढचे प्रश्न मऊ व्हायचे. कोकणातला परीक्षक असेल तर तो हमखास विचारेल, "जुलैत कुणाच्या होडीने गेलात?"

आता सरांचे 7 टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. 40 पर्यंत थिसिस सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा, 60 पर्यंत वर्षभर थांबायचं, त्यावर गेलं तर नोंदणी रद्द. पण ते सॉफ्टवेअर शब्दांशी शब्द ताडून बघतं. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर जुलैत थेंब पडला होता का, हे त्याला कुठून कळणार? मनाने घातलेला आकडा तर कुठून उतरवलेलाच नसतो, तो शून्य टक्क्यातच बसायचा.

"आकडा त्याचा, मला काय" हेही चालणार नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला यान हेंड्रिक शॉन हा एके काळचा चमकता पदार्थवैज्ञानिक. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हुबेहूब तीच बारीक थरथर लोकांना दिसली आणि 2002 मध्ये चौकशी झाली. त्याच्याकडे ना नीट वह्या होत्या, ना मूळ नोंदी. सहलेखकांना समितीने दोषमुक्त केलं, पण आकडे नीट तपासायची त्यांची जबाबदारी कुठवर होती, हा प्रश्न अहवालाने मांडलाच. ते आकडे घेतले जात असताना त्यांच्यातले बहुतेक तिथे नव्हते. तुझं तसं नाही. होडी सुटली नाही हे तुला ठाऊक आहे.

मित्राने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर सरांना ईमेल कर. तक्रार म्हणून नको, दुरुस्त तक्ता जोडून : "सर, जुलैचा नमुना झाला नव्हता, म्हणून तक्ता असा केला आहे. हाच पाठवूया का?" एवढंच. "हो" लेखी आलं तर काम झालं. "राहू दे तसंच" म्हणाले, तर त्या पेपरवरून आपलं नाव काढून घे आणि तेही लेखी कळव. एक पेपर कमी होईल, सर काही महिने फुगून बसतील. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही, गाईडच्या सहीवाचून आपलं पान हलत नाही हे मलाही माहीत आहे. पण थिसिस तुझा आहे. त्यात त्याचे बाकीचे महिने खुशाल वापर, प्रत्येक तक्त्याखाली क्षारता कुणी मोजली ते लिहून, आणि त्याची परवानगी ईमेलवर घेऊन ठेव.

नावांचा क्रम? मसुद्याचा मोठा भाग ज्याने लिहिला आणि विश्लेषण केलं त्याचं पहिलं, हा आपल्या विषयातला सर्वसाधारण रिवाज. दोघांचं सारखंच असेल तर तसं तळटिपेत लिहिता येतं. पुढच्या कामाला मात्र पहिल्या फेरीच्या आधीच ठरवा. आणि उधाणाच्या ओहोटीला तिसऱ्यांच्या जागा ज्या बायकांनी दाखवल्या, त्यांची नावं ऋणनिर्देशात घाल. "स्थानिक मच्छीमार" म्हणून गुंडाळू नकोस. त्यांना विचारून घाल, कुणाला नकोही असेल.