पेपरच्या दिवशीही शेठ सुट्टी देत नाहीत, नोकरी सोडू का?

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात बिलं करत बी.कॉम. करताय, आणि पेपरच्या दिवशीही शेठ ‘ये, नाहीतर हिशेब घेऊन जा’ म्हणतात, हे वाचून वाईट वाटलं. पण तडकाफडकी सोडू नका. वेळापत्रक लागलं की त्याची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी मागितलेली रजा नंतर सहज नाकारता येते. रोज उशिरापर्यंत थांबवत असतील तर तास वहीत टिपा. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे.

तरीही अडवलं तर पेपर द्याच! टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येत असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुसऱ्या नोकरीसाठी आजपासूनच विचारायला लागा, आणि निघण्याआधी राहिलेला पगार व अनुभवाचं पत्र हातात घ्या.