सिम्प्सन वाळवंट ओलांडण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहतो. जुलैच्या सुट्टीत दोन कुटुंबे दोन फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनी वाळवंटाच्या पश्चिमेच्या माउंट डेअरहून, फ्रेंच लाइन या वाळूतल्या वाटेने, पूर्वेच्या बर्ड्सव्हिल गावाला जाणार आहोत. आमच्या गाडीत चौघे असू. टाकी 90 लिटरची आहे आणि हमरस्त्यावर 100 किलोमीटरला 12 लिटर डिझेल लागते. डिझेल आणि पाणी किती घ्यावे? सामानासाठी ट्रेलर जोडावा का?

उत्तर : ट्रेलर नेऊ नका. या वाटेवर वाळूच्या सुमारे 1100 टेकड्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. ट्रेलरच्या ओढीने गाडी चढणीवर रुतते, चाके जागीच फिरतात आणि वाटेत खड्डे पडून मागून येणाऱ्यांचेही हाल होतात. आपण पश्चिमेकडून पूर्वेकडे जात आहात, हे चांगले, कारण टेकड्यांची पश्चिमेकडील चढण तुलनेने सौम्य असते.

मधे कुठेही पंप नाही. अंतर वळशांसह 550 किलोमीटर आणि वाळूतला खर्च 100 किलोमीटरला 20 लिटर धरला, तर 110 लिटर लागतील; त्यावर पाव हिस्सा राखीव ठेवल्यास गरज 138 लिटरच्या आसपास जाते. म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन हवेत, दोन पुरणार नाहीत. ते टपावर लादू नका. वरचे वजन वाढले की तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. पाणी माणशी रोज 7 लिटर धरावे. प्रवास पाच दिवसांचा असला तरी सात दिवसांचा हिशेब करून चौघांसाठी सुमारे 200 लिटर पाणी घ्यावे आणि ते अनेक कॅनमध्ये विभागावे, म्हणजे एखादा फुटला तरी सगळे वाहून जाणार नाही.

टायरमधील हवेकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. वाळू लागताच गेज लावून हवा 18 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरवावी. टायरची बाजू थोडी फुगलेली दिसते, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि गाडी वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालू लागते. मात्र एवढ्या कमी हवेवर झटक्याने वळू नये, टायर रिममधून निसटू शकतो.

प्रत्येक गाडीला उंच झेंडी लावावी. टेकडीच्या माथ्यापलीकडून येणाऱ्याला आधी तीच दिसते. यूएचएफ रेडिओ (गाड्यांमध्ये आपसात बोलण्याचा रेडिओ) 10 क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवावा. रोज मुक्कामाला गाडीखाली वाकून एक्झॉस्टजवळ अडकलेले सुके गवत काढावे, त्यातून आग लागते.

सॅटेलाइट फोन आणि आगाऊ नोंदणी केलेला आपत्कालीन बीकन (संकटात उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवणारे उपकरण) सोबत हवाच. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नये. डिसेंबर 1963 मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर इंधन संपलेली गाडी सोडून निघालेले पाच जणांचे कुटुंब उन्हात मृत्युमुखी पडले. जुलैत ऊन तितके कडक नसते, तरीही हा नियम मुलांनाही निघण्यापूर्वीच समजावून सांगावा.

बर्ड्सव्हिलच्या 35 किलोमीटर अलीकडे बिग रेड ही सुमारे 40 मीटर उंचीची टेकडी लागते. ती उतरल्यावर कंप्रेसर काढून टायरमधील हवा पूर्ववत भरावी. कमी हवेवर कडक रस्त्याने वेगात गेल्यास टायर तापून फुटतो.