वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारहोमची खरेदी आणि निगा

प्रश्न : आम्ही पतिपत्नी गेली काही वर्षे नोकरीनिमित्त श्टुटगार्ट येथे राहतो. 1974 सालची मर्सिडीज एल 206 डी ही मोटारहोम आमच्या पाहण्यात आली आहे. आतमध्ये झोपण्याची सोय, गॅसची शेगडी आणि भांडी धुण्याचे लहानसे सिंक आहे. इंजिन नुकतेच पूर्ण उघडून दुरुस्त केल्याचे मालक सांगतात व त्यासाठी किंमतही चढी मागतात. ही गाडी घ्यावी काय, आणि घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

उत्तर : प्रथम या गाडीच्या कुळाविषयी थोडेसे, कारण त्यात मराठी वाचकाला ओळखीचे काही सापडेल. हाम्बुर्गमधील हारबुर्ग येथील विडाल आणि पुत्र या कंपनीने, म्हणजे 'टेम्पो' या नावाने गाड्या विकणाऱ्या कंपनीने, पुढच्या चाकांना ताकद देणारी ही व्हॅन साठच्या दशकात तयार केली. पुढे ती कंपनी हानोमाग या वाहन कंपनीकडे आणि हानोमाग व हेन्शेल मिळून झालेली हानोमाग-हेन्शेल ही कंपनी मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेन्झकडे गेल्यामुळे त्याच गाडीवर मर्सिडीजचे चिन्ह आले. हीच गाडी पुण्यात बजाज टेम्पोने परवान्याखाली बनवली आणि ती आपल्याकडे 'मॅटॅडोर' म्हणून घराघरांत ठाऊक झाली. शाळेच्या फेऱ्या, लग्नाचे वऱ्हाड आणि दुधाचे कॅन ज्या गाडीने वाहिले, तिचीच सख्खी बहीण आपण श्टुटगार्टमध्ये पाहून आलात.

आता मुद्द्याकडे वळतो. मालक इंजिनाचे कौतुक करीत असतील तर ते ऐकून घ्यावे, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. या गाडीतील 2 लिटरचे डिझेल इंजिन त्या काळच्या मर्सिडीज टॅक्सीतही वापरले जात असे. त्याची ताकद जेमतेम 55 ते 60 अश्वशक्ती असली तरी ते चिवट आहे, त्याचे सुटे भाग आजही मिळतात आणि ते उघडून बसवू शकणारे मेकॅनिकही सापडतात. जुन्या मोटारहोमचा जीव जातो तो बहुधा पाण्यामुळे. तिच्यातील 'मोटार' दुरुस्त करता येते, पण कुजलेले 'घर' दुरुस्त करताना गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैसे कधी गेले हे कळतही नाही.

पाणी दोन वाटांनी येते. एक वाट उघड आहे. खिडक्यांच्या रबरी चौकटी, छतावरील झडप, मागच्या दिव्यांची बैठक आणि छताचा सांधा ही ठिकाणे पन्नास वर्षांत आकसतात, तडकतात आणि गळू लागतात. दुसरी वाट आतून असून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बंद गाडीत झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि घामातून एका रात्रीत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतात. ही वाफ प्लायवूडच्या फटींतून मागे शिरते, थंड पत्र्यावर तिचे दव होते आणि त्या काळी सर्रास वापरला जाणारा काचलोकरीचा (ग्लास वूलचा) थर ते दव धरून ठेवतो. परिणामी पत्रा आतल्या बाजूने गंजत जातो आणि बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत दिसतो.

म्हणून गाडी शक्य तो पाऊस पडून गेल्यावर पाहावी आणि आत शिरताच पहिला श्वास लक्षपूर्वक घ्यावा. कुबट वास येत असेल किंवा तो लपवण्यासाठी सुगंधी फवारा मारलेला जाणवत असेल, तर पुढील तपासणी दुप्पट काळजीने करावी. प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत प्लायवूड अंगठ्याने दाबून पाहावे. ते मऊ लागले तर मागची चौकट कुजली आहे असे समजावे. गाद्या उचलून पेट्यांचे तळ पाहावेत, कपाटाच्या आतल्या भिंतीवर तपकिरी कडा असलेले डाग आहेत का ते टॉर्च धरून शोधावे. बाहेरून चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, पायरी आणि खालचे लांब पन्हाळीसारखे भाग यांवर पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. गाडीच्या पोटाला नुकताच काळा जाड थर फासलेला दिसला तर मालकाने तो का फासला हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. शक्य असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन तो थर टोच्याने दोन-चार जागी टोकरून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी नाकारली गेली तर ते उत्तरच समजावे.

गाडी घेतल्यावर गळती थांबवण्यासाठी सिलिकॉन फासण्याचा मोह आवरावा. सिलिकॉनवर रंग बसत नाही, ते एका बाजूने सुटले की पाणी आत कोंडून ठेवते, आणि पुढे कोणताही चांगला सीलंट लावायचा झाल्यास आधी ते कणाकणाने खरवडून काढावे लागते. खिडकी पूर्ण उतरवून, चौकट साफ करून, गंजरोधक लावून आणि न वाळणाऱ्या ब्यूटिल पट्टीवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवून केलेले काम वेळखाऊ असते, पण ते एकदाच करावे लागते.

प्रश्न : आमच्या गाडीला जर्मनीतील ऐतिहासिक वाहनांची 'एच' नंबरप्लेट घ्यावयाची आहे. छतावर सौर पॅनेल आणि आत नवा फ्रिज बसवल्यास ती नाकारली जाईल का?

उत्तर : 'एच' प्लेटसाठी प्रथम नोंदणीपासून किमान 30 वर्षे व्हावी लागतात आणि गाडी मूळ स्वरूपात, चांगल्या अवस्थेत असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. गाडीच्या पहिल्या 10 वर्षांत ज्या प्रकारचे बदल त्या काळी प्रचलित होते, ते सामान्यतः चालतात. आजच्या काळातील वस्तूंबाबत तपासनीसाचा विवेक महत्त्वाचा ठरतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच त्याला भेटावे आणि प्रत्येक बदल पत्रा न कापता, पुन्हा काढून टाकता येईल असा ठेवावा. फ्रिज कपाटाआड असतो, त्यामुळे त्याची अडचण सहसा येत नाही. छतावरचे पॅनेल मात्र लांबूनही दिसते. तात्पुरते टेकवून ठेवता येणारे घडीचे पॅनेल घेतल्यास हा वादच उद्भवत नाही.

जुन्या डिझेल गाडीला ही प्लेट केवळ हौसेसाठी नसते. तिच्यामुळे वर्षाचा कर सुमारे 191 युरो इतका ठरावीक होतो आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत, म्हणजे कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश असलेल्या भागांत, हिरव्या स्टिकरविना जाता येते. ती नसेल तर श्टुटगार्टसारख्या शहरात स्वतःच्या घरापर्यंत गाडी आणणेही कठीण होऊन बसेल.

प्रश्न : आमच्या 1973 सालच्या डिझेल मोटारहोममध्ये किल्लीशेजारी जाळीमागे एक लहान तार आहे, जी पूर्वी इंजिन सुरू करण्याआधी लालबुंद होत असे. आता ती तापतच नाही आणि थंडीत इंजिन सुरू होत नाही. बॅटरी नवी आहे.

उत्तर : आपल्या वर्णनावरून या गाडीत जुन्या पद्धतीचे, तारेच्या वेटोळ्याचे ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी ते आतून तापवणारे प्लग, आहेत. ते चारही एकामागून एक, एकाच साखळीत जोडलेले असतात आणि आपण पाहता ती तारही त्याच साखळीतील एक कडी असते. त्यामुळे एक प्लग जळाला की बाकीचे तीन चांगले असूनही सगळेच थंड पडतात.

दोष शोधणे अवघड नाही. मदतनिसाला ग्लोची खिट्टी ओढून धरायला सांगावे आणि व्होल्ट मोजण्याच्या मीटरची काळी तार इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून लाल तारेने विजेच्या येण्याच्या बाजूकडून एकेका जोडाला स्पर्श करीत जावे. तुटलेल्या कडीपर्यंत बॅटरीइतके व्होल्ट दिसतील आणि तिच्या पलीकडे शून्य. अशी तपासणी जाळीमागच्या तारेपासूनच सुरू करावी, कारण कित्येकदा प्लग निर्दोष असतात आणि ती तारच तुटलेली असते. याउलट ती तार नेहमीपेक्षा लवकर आणि पांढरट तेजाने पेटू लागली, तर एखाद्या प्लगवर काजळी साचून वीज मधूनच इंजिनाच्या अंगात उतरत आहे असे समजावे.

एक इशारा देणे आवश्यक आहे. इंजिन चटकन सुरू होण्यासाठी ईथरचा जो फवारा मिळतो, तो ग्लो प्लग असलेल्या इंजिनात कदापि वापरू नये. तापलेल्या तारेवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो. समांतर जोडणीचे नवे, लवकर तापणारे प्लग बसवता येतात व ते सोयीचेही आहेत. मात्र काढलेले जुने भाग एका डब्यात जपून ठेवावेत.

प्रश्न : जुन्या मोटारहोममधील शेगडीसाठी दुकानातून नवा रेग्युलेटर आणला, परंतु ज्योत मंद जळते आणि वारंवार विझते. शेगडीच साफ करावी की बदलावी?

उत्तर : यांपैकी काहीही करण्यापूर्वी शेगडीवरील धातूची पट्टी वाचावी. जर्मनीतील जुन्या मोटारहोममध्ये गॅसचा दाब 50 मिलिबार असे, नव्या उपकरणांसाठी तो 30 मिलिबार असतो आणि आज दुकानात सहज हाती येतो तो रेग्युलेटर 30 मिलिबारचा. आपल्या बाबतीत 50 च्या शेगडीला 30 चा दाब मिळत असावा. याच्या उलट घडले, म्हणजे 30 च्या शेगडीला 50 चा दाब दिला गेला, तर ज्योत उंच व पिवळी होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो आणि तो प्रकार जिवावर बेतणारा आहे. एकाच गाडीत दोन वेगवेगळ्या दाबांची उपकरणे असतील तर स्वतः जोडाजोड न करता अधिकृत गॅस तंत्रज्ञाकडेच जावे. जर्मनीत मोटारहोमच्या गॅस यंत्रणेची तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते, तर रबरी नळी आणि रेग्युलेटर 10 वर्षांनी बदलायचे असतात; दोन्हींवर निर्मितीचे साल छापलेले असते.

सिलिंडर घेताना प्रोपेनचा घ्यावा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो, प्रोपेन मात्र उणे 42 अंशांपर्यंत वायू देत राहतो. आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक झोपण्याच्या जागेजवळ बसवलेला नसेल, तर बाकी सर्व खरेदी बाजूला ठेवून आधी तो आणावा.

प्रश्न : दिवाळीत पुण्याला येणार आहे. मॅटॅडोर आणि आमची जर्मन गाडी एकाच कुळातील असल्याने पुण्याहून सुटे भाग आणावेत का?

उत्तर : कल्पना मोहक आहे आणि काही अंशी योग्यही. मात्र पुण्यातील उत्पादन जर्मनीतील उत्पादन 1977 मध्ये संपल्यावरही पुष्कळ वर्षे चालू राहिले आणि त्या काळात भारतीय गाडीत इथल्या गरजेनुसार फेरफार होत गेले. म्हणून "दिसायला सारखे" एवढ्यावर भाग घेऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या गाडीचा जुना भाग मोजून, कॅलिपरच्या आकड्यांसह त्याची छायाचित्रे काढून न्यावीत. काचांची रबरे, दारांच्या कड्या, बिजागऱ्या असे भाग जुन्या बाजारात शोधण्यासारखे आहेत. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र आणू नयेत. त्यांचा दर्जा सिद्ध करणारा कागद नसेल तर जर्मन तपासणीत ते अडतात, आणि अडले नाहीत तरी आल्प्सच्या उतारावर अडीच टनांचे घर थांबवण्याची जबाबदारी अनोळखी ब्रेक लायनरवर टाकू नये. लायनरवरून आठवले : जुन्या ब्रेक लायनरमध्ये व क्लचच्या पट्टीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ड्रम उघडल्यावर धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बंद करावे.

विमानाने जर्मनीत परतताना 430 युरोपर्यंतच्या वस्तूंवर सहसा सीमाशुल्क लागत नाही. पावत्या जवळ ठेवाव्यात, आणि तेलकट भाग पेट्रोलने नव्हे तर साबणाने धुऊन, वास जाईपर्यंत वाळवून सामानात घालावेत.

प्रश्न : पुण्यात आमच्या वाड्यात वडिलांची 1975 सालची मॅटॅडोर उभी आहे. तिचे मोटारहोम करून कोकणात फिरावे असा विचार आहे. 'व्हिंटेज' म्हणून तिची नोंदणी करावी का?

उत्तर : फिरायचेच असेल तर करू नये. केंद्र सरकारने 2021 साली आणलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. परंतु अशी गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती चालवता येते. शिवाय आत पलंग आणि ओटा बसवला की मूळ स्वरूपाचा प्रश्न आलाच.

आपल्याला दुसऱ्या वाटेने जावे लागेल. प्रथम आरसी पुस्तिका शोधावी आणि नूतनीकरण शेवटचे कधी झाले, पर्यावरण कर थकला आहे का, हे आरटीओ कार्यालयात जाऊन पाहावे. गाडीची योग्यता तपासणी पार पडण्याजोगी अवस्था आहे का, हे त्यानंतर एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून पाहून घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून सुताराला बोलावण्याआधी आराखडा घेऊन आरटीओकडे जावे. ही कामे होईपर्यंत गाडी वाड्यात मोकळ्या मातीवर उभी ठेवू नये. चारही चाकांखाली फळ्या आणि पोटाखाली वारा खेळेल एवढी जागा ठेवावी, खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, आणि ताडपत्री थेट पत्र्यावर न टाकता बांबूच्या चौकटीवर ताणावी.