गाळपेऱ्यावरचे हत्ती

प्रश्न तुमचे : जंगलवाटा

गेल्या अंकात मी श्रीलंकेतल्या मिन्नेरिया तळ्यावर पाहिलेल्या हत्तींबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर हत्तींनाच दिलं आहे. नवीन वाचकांसाठी सांगते: मी पशुवैद्य. नोकरीची बरीचशी वर्षं सिंधुदुर्गात गायी-म्हशींमध्ये गेली. निवृत्त झाल्यापासून जमेल तेव्हा हत्ती बघायला जाते. त्यामुळे माझी उत्तरं थोडी दवाखान्याच्या बाजूने येतात.

आम्ही नाशिकचे. आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि ७२ वर्षांचे सासरे सोबत असतील. सासऱ्यांना मणक्याचा त्रास आहे. तुमचा लेख वाचून दिवाळीत मिन्नेरियाला जायचं ठरवतोय. जावं का?

श्रीलंकेला जरूर जा, पण दिवाळीत मिन्नेरियाच्या भरवशावर जाऊ नका. मी लिहिलेला देखावा महिन्यावर अवलंबून असतो, हे गेल्या वेळी स्पष्ट करायला हवं होतं.

मिन्नेरिया हे महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेलं तळं. बेटाचा हा भाग कोरडा. आपल्याकडे धो धो कोसळत असतं तेव्हा तिथे उन्हाळा असतो. मे-जूनपासून तळ्याचं पाणी ओसरू लागतं आणि आपल्या धरणांसारखाच गाळपेरा उघडा पडतो. त्यावर कोवळं लुसलुशीत गवत येतं. आजूबाजूच्या जंगलातला चारा तोवर वाळून कडक झालेला असतो, म्हणून कळपच्या कळप या गवताकडे येतात. श्रावण-भाद्रपदात एका संध्याकाळी दोनशे-तीनशे हत्ती दिसू शकतात. ऑक्टोबरपासून पाऊस लागला की तळं भरतं, गवत बुडतं आणि कळप पांगतात.

२०१६च्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा तिथे गेले. दुपारचे साडेतीन झाले असतील. झुडपांतून आधी एक वयस्कर मादी आली. सोंड वर करून तिने वास घेतला, मग तिच्या मागून बाकीच्या आल्या, पिल्लं मध्ये. हत्तीण आखूड गवत कसं खाते हे मी तेव्हा नीट पाहिलं. पुढच्या पायाच्या नखांनी ती गवत खरवडते, सोंडेने गोळा करून त्याची जुडी करते, गुडघ्यावर आपटून माती झटकते आणि मग तोंडात घालते. त्या खरवडण्याचा चर्र-चर्र आवाज जीपमध्ये ऐकू येत होता. वाफ्यातली भाजी धुऊन घेणाऱ्या बाईइतकी ती निगुतीने जेवते. सव्वा तास मी एकाच हत्तिणीकडे बघत होते.

आता एक गोष्ट बदलली आहे. मोरागहकंद हे नवं धरण झाल्यापासून त्याचं पाणी या तळ्यात येतं आणि काही वेळा ऐन उन्हाळ्यातही तळं भरलेलं असतं. मग गवत कुठून येणार? नंतरच्या एका खेपेला मला तिथे जेमतेम वीस हत्ती दिसले. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तरी हबरण गावात तीन रात्री मुक्काम ठेवा. तिथून मिन्नेरिया, कौडुल्ला आणि हुरुलू ही तिन्ही जंगलं जवळ आहेत. हत्ती आज कुठे आहेत हे दुपारी विचारायचं आणि मगच जीप ठरवायची. महिनाभर आधी तिकीट काढून ठेवण्यात अर्थ नाही.

तुमच्या दिवाळीसाठी मी दक्षिणेकडचं उडवलवे सुचवेन. तिथे धरणाभोवतीच्या उघड्या माळावर हत्ती वर्षभर असतात. शेजारी १९९५ साली सुरू झालेलं पोरक्या पिल्लांचं सरकारी केंद्र आहे. ठरलेल्या वेळी पिल्लं धावत येतात, नळीने दूध पितात आणि परत झाडीत जातात. प्रेक्षकांनी लांबच्या सज्जावर बसायचं, हात लावायचा नाही. मोठी झाली की ही पिल्लं जंगलात सोडतात, आजवर शंभराहून जास्त सोडली आहेत. सासऱ्यांना जीपची एकच फेरी पुरे, तीसुद्धा चालकाशेजारच्या आसनावर. मागच्या चाकांवरची जागा मणक्याला वाईट. दुसऱ्या दिवशी तुम्ही जीपने जाल तेव्हा त्यांना या सज्जावर बसवा. माझी खात्री आहे, परतल्यावर सगळ्यात जास्त तेच बोलतील.

आपल्या देशातच हत्ती बघायचे म्हणाल, तर दिवाळीत आसामातलं काझीरंगा नुकतं उघडलेलं असतं आणि गवत हत्ती बुडेल एवढं उंच. तिथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. मे महिन्यात जायचं तर परदेश कशाला, कर्नाटकात काबिनीला जा. धरणाचं पाणी उतरतं आणि मिन्नेरियासारखंच गाळपेऱ्यावरचं गवत कळपांना ओढून आणतं.

आणि निघण्यापूर्वी जीपवाल्याला स्पष्ट सांगा: मागे राहा, इंजिन बंद ठेवा, कळपाची वाट अडवू नका. एकदा आमच्या चालकाने बक्षिसीच्या आशेने जीप थेट कळपात घातली. पिल्लू एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. आईचे हलणारे कान एकदम थांबले आणि ताठ पसरले. हत्ती कान हलवत असतो तोवर तो निवांत असतो. कान थांबले, अंग स्तब्ध झालं, की तो तुमचाच विचार करत असतो. मी ओरडून जीप मागे घ्यायला लावली, तरी आतल्या दोघांचं चित्रीकरण चालूच होतं. तुमच्या मुलांना ही कानांची खूण नक्की शिकवा.

थायलंडच्या सहलीत ‘हत्तीला आंघोळ घाला, केळी भरवा’ असा अर्धा दिवस आहे. पाठीवर बसायचं नाही, म्हणजे त्रास नसावा ना? मुलीची फार इच्छा आहे. (पुणे)

मुलीची इच्छा मला कळते. हत्तीच्या जवळ जावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, मला आजही वाटतं.

थायलंडने १९८९ साली जंगलातल्या व्यापारी लाकूडतोडीवर बंदी घातली. लाकूड ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका रात्रीत बेकार झाले, आणि पर्यटन हाच त्यांचा धंदा झाला. त्या माणसांनाही पोट आहे, हे मी विसरत नाही. पण उत्तर थायलंडमधल्या अशाच एका तळावर मी गेले तेव्हा माझं लक्ष सवयीप्रमाणे पायांकडे गेलं. नखांना भेगा, तळव्याला जखम. पाहुण्यांच्या दोन टोळ्यांमधल्या वेळात ती हत्तीण डावीकडून उजवीकडे नुसती डुलत होती. लोक म्हणाले, गाण्यावर नाचतेय. गाणं थांबलं तरी ती डुलतच राहिली. बांधून ठेवलेल्या, करायला काहीच नसलेल्या जनावराचं हे लक्षण आहे.

हत्ती आपली आंघोळ आपण करतो, मनाला येईल तेव्हा. अंगावर धूळही आपणच उडवतो. त्याला दिवसातून पाच वेळा ठरल्या वेळी नदीत उतरवायचं आणि अनोळखी माणसांनी ब्रश घासला तरी हलायचं नाही हे शिकवायचं, तर लहानपणी त्याला आईपासून तोडून त्याची इच्छाशक्ती मोडावीच लागते. पाठीवर बसला नाहीत तरी ते शिक्षण तेच. म्हणून मी नको म्हणते. जिथे हत्ती तुमच्याकडे पाठ करून निघून जाऊ शकतो आणि कोणी त्याला परत ओढून आणत नाही, अशी जागा शोधा. थायलंडलाच जायचं तर कुई बुरीच्या राष्ट्रीय उद्यानात रानटी हत्ती संध्याकाळी माळावर येतात, ते लांबून दिसतात. काझीरंग्यात पहाटे हत्तीवरून गेंडे दाखवतात, तिथेही मी जीपनेच जाते.

भरवण्याबद्दल वेगळं सांगते, कारण ते निरुपद्रवी वाटतं. उडवलवेच्या बाहेर मुख्य रस्त्याला लागून विजेचं कुंपण आहे. गाड्या थांबवून लोक केळी-कलिंगडं देतात, म्हणून काही हत्ती दिवसभर त्या तारेशी उभे असतात. रोज दीडशे किलो चारा हिंडून खाणारं जनावर भिकाऱ्यासारखं रस्त्यावर उभं राहतं, आणि फळांबरोबर पिशव्याही पोटात जातात. पिशवी खाल्लेल्या गायींची पोटं मी फाडून पाहिली आहेत. कृपा करून भरवू नका.

दुर्बीण कोणती घ्यावी? श्रीलंकेत मलेरियाची भीती आहे का? (सोलापूर)

८ बाय ४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगांची. त्याहून जास्त ताकदीची जीपमध्ये हातात स्थिर राहत नाही. मलेरियातून श्रीलंका २०१६ साली मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं आहे. डेंग्यू मात्र आहे, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम न्याच.

हत्ती न दिसता फक्त त्याचा पाय उमटलेला दिसला, तर तो केवढा होता हे कळतं का? (इयत्ता सहावी, रत्नागिरी)

कळतं की! एक दोरी घे. पुढच्या पायाचा ठसा शोध. तो गोल असतो, मागचा लांबट. त्या गोलाच्या कडेने दोरी फिरव आणि आलेली लांबी दुप्पट कर. साधारण तेवढी त्याची खांद्यापाशी उंची. दोरी १४० सेंटिमीटर भरली, तर हत्ती सुमारे २८० सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या वर्गाच्या दारापेक्षा उंच. जुने माहूत असंच मोजायचे. आणि हत्ती गेला त्या बाजूला मात्र दोरी घेऊन जायचं नाही हं, बाळा.

मी दोडामार्ग तालुक्यातला बागायतदार. तुम्ही ज्यांना बघायला विमानाने जाता, त्यांनी दोन रात्रींत माझे चाळीस माड आणि सगळी केळ आडवी केली. ‘हत्ती इलो’ अशी हाक आली की आमची पोरं पलंगाखाली जातात. तुमचा लेख वाचून राग आला.

तुमचा राग मी मान्य करते.

२००२मध्ये कर्नाटकातून तिलारीच्या बाजूने हत्ती उतरले तेव्हा मी त्याच भागात नोकरीला होते. एका सकाळी गोठ्यातली व्यायलेली म्हैस बघायला गेले, तर मालक बागेत जमिनीवर बसलेला. बापाने लावलेले माड मुळापासून ढकललेले, आतला कोवळा गाभा तेवढा खाल्लेला. शेणाचा गोळा मी काठीने फोडला, त्यात फणसाच्या आठळ्या अख्ख्या होत्या. हत्ती खातो त्यातलं निम्मंही पचवत नाही. मालक मला म्हणाला, “बाई, म्हशीचं राहू दे, माडाला काही औषध आहे का?” तो प्रश्न माझ्यासोबत आहे, आणि मी हत्तींमागे हिंडू लागले त्याचं ते एक कारण आहे.

श्रीलंकेत मी फक्त जीपमधून हत्ती पाहिले नाहीत. त्या बेटावर २०११च्या गणनेत ५,८७९ हत्ती मोजले गेले आणि त्यांच्या वावराचा मोठा भाग माणसांच्या वस्तीतच आहे. दर वर्षी शेकडो हत्ती मरतात, अनेक माणसं मरतात. चाऱ्यात दडवलेला बाँब चावून जबडा फुटलेला हत्ती आठवड्या-दोन आठवड्यांनी उपाशी मरतो. त्याला तिथे ‘हक्का पटास’ म्हणतात. सरकारने वर्षानुवर्षं जंगलाच्या हद्दीवर विजेची कुंपणं घातली. पण हत्ती दोन्ही बाजूंना, आणि हद्दीवरची तार बघायला जातो कोण? मग काही गावांनी उलटं केलं. कुंपण हत्तींभोवती न घालता स्वतःभोवती घातलं: गावाला कायमचं, भातशेतीला पेरणीपासून कापणीपर्यंत. कापणी झाली की तार काढायची आणि हत्तींना शेतात उरलेली धसकटं खाऊ द्यायची. देखभाल गावाची समिती करते. २०२०च्या त्यांच्या राष्ट्रीय आराखड्यानेही हाच मार्ग पुढे ठेवला.

तुमच्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही. माड-पोफळी बारा महिने उभ्या, म्हणजे तार बारा महिने हवी. कोकणच्या पावसात तारेखालचं रान आठवड्याला काढलं नाही तर झटका जमिनीत जातो. एकट्या बागायतदाराला हे झेपत नाही, वाडीने मिळूनच करावं लागेल. आणि यंत्राचा ठोके देणारा झटकाच वापरायचा. घरची वीज तारेत सोडली तर हत्तीआधी आपलंच माणूस जाईल.

श्रीलंकेतल्या कुरुनेगल जिल्ह्यात मी एक रात्र शेतातल्या माळ्यावर काढली. तिथे त्याला ‘पॅल’ म्हणतात. खाली झटक्याचं यंत्र टिक-टिक करत होतं. दोनच्या सुमाराला एक सुळे नसलेला नर आला, तारेपाशी बराच वेळ उभा राहिला आणि वळून गेला. शेतकऱ्याने फटाका हातात धरला होता, पेटवावा लागला नाही. पहाटे गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा पिताना त्याने आमच्या चालकामार्फत विचारलं, तुमच्याकडे हत्ती आहेत का? मी तुमच्याकडचं सांगितलं, पडलेल्या माडांचंही. त्याने विचारलं, रात्री राखण कोण करतं? मी म्हटलं, ज्याची बाग तो. “एकटा?” असं त्याने दोनदा विचारलं.

त्यांच्या समितीच्या वहीचे फोटो माझ्याकडे आहेत. कोणत्या रात्री कोणाची पाळी, तार कोणी तपासली, बॅटरी कधी बदलली, वर्गणी कोणाची राहिली, सगळं त्यात आहे. सिंहलीतून मी ते मराठीत करून घेतलं आहे. तुमचा पत्ता संपादकांकडून घेतला असून या आठवड्यात प्रत पाठवते. वाडीची बैठक ठेवलीत तर मी येईन.