टाच किती वर जाते ते बघ

अगं, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, उत्तर टाइप करायला बसले तर लांबतच गेलं म्हणून सरळ पत्रच लिहितेय. ऑपरेशनला नऊ महिने झाले, डॉक्टर म्हणतात तुटलेला अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा तो जाड दोर, छान जुळलाय, आणि तरी डाव्या एका पायावर उभं राहिलं की टाच अर्धीच वर जाते. मला हे अगदी ओळखीचं आहे, माझाही डावाच होता, खो मिळाला आणि उठताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर मागे कोणीच नाही.

तुला वाटतंय जुळला म्हणजे बरा झाला, पण तसं नसतं गं. नवीन भरलेले धागे आधी अस्ताव्यस्त असतात, ताण पडत राहिला की हळूहळू ओढीच्या दिशेने सरळ लागतात आणि हे काम वर्ष उलटून गेलं तरी चालू राहतं. दुसरं म्हणजे टेंडन भरताना थोडासा लांबतो. विहिरीचा दोर सैल असला की आधीची ओढ सैल दोर ताणण्यातच जाते, तसंच पोटरीचं होतं, म्हणून टाच अगदी वर नेताना जोर संपतो. दोन वर्षांनीही बऱ्याच जणांच्या त्या पोटरीत १० ते ३० टक्के ताकद कमी असते, पोटरी बारीक दिसते, टेंडन मात्र जाडच राहतो. हे आधीच कळलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

म्हणून एक ऐकशील? जोर लावून स्ट्रेच करू नकोस. घोटा पूर्ण वाकत नाही म्हणून मैत्रिणी सांगतील उकिडवी बस, भिंतीला टेकून ओढ, तर नाही, लांबलेला टेंडन पुन्हा आखूड करणारा व्यायाम नाहीये. जिना उतरताना पायरीखाली टाच सोडायची ती पण फिजिओ सांगेल तेव्हाच. ताकद वाढव. दोन पायांवर वर जा, एका पायावर सावकाश खाली ये, गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा वाकवून पण, कारण पोटरीतला आतला सोलिअस स्नायू गुडघा वाकलेला असतानाच जास्त काम करतो आणि आपण उकिडव्या बसलेल्या उठतो तेव्हा तोच लागतो. सोपं झालं की पाठीवर सॅक, त्यात तांदळाची पिशवी.

पुन्हा तुटायचा धोका पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, तो काळ तू काढलास. पण नऊ महिने झाले म्हणून मॅचला उतरायचं असं नको. अमेरिकन बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरँटचा १० जून २०१९ ला एनबीए फायनलमध्ये तुटला, तो २२ डिसेंबर २०२० ला परत खेळला, म्हणजे १८ महिने, आणि त्याच्या मागे किती माणसं होती!

आणि हो, लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी लिहून दिली तर टेंडनचं ऑपरेशन झालंय हे डॉक्टरांना आधी सांग, त्या जातीच्या अँटिबायोटिकने टेंडन दुखावू शकतो.

आता भिंतीजवळ उभी रहा, बोटांनी नुसता आधार घे, उजव्या पायाची टाच जिथवर जाते तिथे पेन्सिलने खूण कर, मग डाव्याची. रविवारी व्हिडिओ पाठव, बाजूने काढलेला, दोन्ही खुणा दिसल्या पाहिजेत.

तुझी ताई