सासूबाईंना शेकानंतर उलट्या होतायत, शेक बंद करू का?

गुहागरच्या सूनबाई,

तुझं पत्र वाचलं. सासूबाईंच्या पोटाच्या कॅन्सरवर शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहे, रोज गाडीने नेतेस, घरी येईपर्यंत उलट्या सुरू, मग तू एसटीत घेतात ती गोळी देतेस आणि तीही पडून जाते, आता त्या म्हणतात उरलेले शेक नकोत, त्यात शेजारच्या काकी सांगतात की उलटीतून रेडिएशन बाहेर पडतंय, नातवाला लांब ठेवा.

आधी काकींचं. मशीनने बाहेरून दिलेला शेक अंगात साठत नाही, मशीन बंद झालं की संपलं. उलटीत, ताटावाटीत काहीही उतरत नाही. नातवाला खुशाल मांडीवर बसू दे गं, आत्ता त्यांना तोच हवाय.

पोटाच्या वरच्या भागावर शेक पडला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, तिथल्या नसेतून मेंदूला निरोप जातो आणि उलटी होते. गाडी लागते ती कानाच्या आतल्या भागामुळे, म्हणून ती गोळी इथे फारशी चालत नाही. इथे ऑनडानसेट्रॉन किंवा ग्रॅनिसेट्रॉन हे उलटीचं औषध लागतं, कधी जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि मुख्य म्हणजे शेकाच्या आधी, उलटी झाल्यावर नाही. हातापायावर शेक असेल तर उलटी क्वचितच होते, पण पोटावर असेल तर होणार असं धरूनच आधी औषध देतात.

म्हणून उद्याच डॉक्टरांना सांग, आणि तूच सांग, कारण आपल्याकडच्या बायका डॉक्टरांनी विचारलं की "बरी आहे" म्हणून मोकळ्या होतात. किती वाजता, किती वेळा, पोटात काय टिकतं, सगळं कागदावर लिहून ने. केमोही चालू असेल तर उलटीचं औषध आणखी वाढवावं लागतं. हार्टचा त्रास असेल तर तोही सांग, या गोळ्या मनाने देऊ नकोस. बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी यांनी होऊ शकते.

शेक मात्र मध्येच सोडू नका, खाडे पडले की उपचाराचा जोर कमी होतो.

खाण्यात मऊ भाताची पेज, मीठ घालून, थोडी थोडी. कोकमाचं सार चालेल, पण सोलकढी नको, नारळाचं दूध जड पडतं. मासे तळायचे तर त्या घरात नसताना. पोटावरच्या शेकाला कधी कधी उपाशी बोलावतात, ते टेक्निशियनला विचारून घे. उलटीनंतर ओआरएस घोटघोट.

पाणीही टिकेना, लघवी कमी झाली, चक्कर आली, ताप आला किंवा उलटीत रक्त, कॉफीसारखं काळपट काही दिसलं तर पुढच्या शेकाची वाट बघू नकोस, तशीच गाडी काढ.