डिपॉझिट जाते, तरी उभा राहतो

प्रश्न : आमच्या विधानसभा मतदारसंघात एक अपक्ष दर निवडणुकीला उभा राहतो. आठवडी बाजारात ऑटोवर भोंगा लावून एका समाजाविरुद्ध विष ओकतो. दरवेळी डिपॉझिट जाते, तरी थांबत नाही. त्याला अडवता येते का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डिपॉझिटच्या धाकाने असा माणूस थांबत नाही. विधानसभेला 10 हजार रुपये (अनुसूचित जाती-जमातींना 5 हजार) आणि अपक्षाला 10 सूचक (नाव सुचवणारे मतदार) लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते पडली नाहीत तर रक्कम जप्त. तेवढ्यात त्याला गाडीचा परवाना आणि भर बाजारात भोंगा मिळतो, आणि त्याला तेच हवे असते. अमेरिकेत जॉर्जियातला वंशद्वेष्टा जे. बी. स्टोनर असाच पुन्हा पुन्हा उभा राही. 1972 मध्ये त्याची विखारी जाहिरात टीव्ही केंद्रांना दाखवावीच लागली, कारण तो उमेदवार होता. 1958 च्या चर्चवरील बॉम्बहल्ल्यात 1980 मध्ये तो दोषी ठरला. तुरुंगातून सुटून 1990 मध्ये पुन्हा उभा.

आपल्याकडे हत्यार आहे, ते नीट वापरले जात नाही याचे वाईट वाटते. तक्रारीत बहुतेक जण भारतीय न्याय संहितेचे कलम 196 (समाजांत वैर पसरवणे) तेवढे लिहितात. त्याची दखल घ्यायला न्यायालयाला आधी केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि फाईल तिथेच अडते. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 125 (निवडणुकीच्या संदर्भात समाजांत वैर पसरवणे) आवर्जून लिहा. त्याला ही अट नाही. त्यात दोषी ठरला तर नुसता दंड झाला तरी 6 वर्षे अपात्र.

पुरावा मात्र पक्का हवा. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर तिथल्या तिथे व्हिडिओ काढा. गॅलरीतला जुना चालत नाही. पूर्ण भाषण वेगळे रेकॉर्ड करा, तारीख, वेळ, जागा वहीत लिहा, मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत कोर्टात कमकुवत पडते. सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते.

आणखी एक जागा बघा. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. योग्य कारणाशिवाय दिला नाही, तर आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हा हिशेब कोणालाही पाहता येतो. यवतमाळला कलेक्टर ऑफिसात जाऊन मागा. ऑटोचे भाडे आणि भोंग्याचा खर्च त्यात दाखवला आहे का, तेही तपासा.